सदूभाऊचं नाव छापलेलं पुस्तक

काल दिवसभर ऊन पडलंच नाही. आभाळ पार खाली आलेलं, वारा बंद, हवा नुसती ओलसर. असं आभाळ दोन-तीन दिवस राहिलं की कांद्याच्या पातीवर करपा पडतो, म्हणून अख्खी वाडी पाठीला पंप लावून रानात. जिकडं जावं तिकडं औषधाचा वास. वाचनालयात दुपारपर्यंत एकच जण आलं, ते म्हणजे डेअरीचं मांजर!

मग बसलो एकटाच आठवत. आमच्या वाचनालयात पुस्तकं थोडी आणि किस्से फार. पुस्तक तीन दिवसांनी परत करावं लागतं, किस्सा कुणी परत मागत नाही. त्यामुळं माझ्याकडं साठत गेले. पण यंदा एकाच पुस्तकापायी जेवढे साठले, तेवढे बारा वर्षांत साठले नव्हते. सांगतो. सावकाश सांगतो, मला घाईनं जमत नाही.

*

आधी माझं सांगतो. लोणीच्या अलीकडं आमची वाडी. दूध डेअरीला लागून ग्रामपंचायतीची एक खोली, खोलीत तीन कपाटं, ते वाचनालय. किल्ली माझ्याकडं. मी शाळेची पायरी चढलो नाही. पन्नाशी जवळ आल्यावर प्रौढांच्या वर्गात अक्षरं ओळखायला शिकलो. अजून बोट ठेवून, पुटपुटत वाचतो. पुस्तकं मी नावानं नाही, चित्रानं ओळखतो. एका पानाला मला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात आमच्या घरी चार भाकरी थापून होतात.

सरपंचांनी नेमलं तेव्हा मी आधीच सांगितलं, "सरपंच, मला धड वाचता येत न्हाई."

"म्हणून तर तुमाला ठिवतोय, तात्या!" सरपंच म्हणाले. "आधीचा माणूस सोताच वाचत बसायचा. पुस्तक मागायला गेलं की म्हणायचा, थांबा, दोन पानं ऱ्हायल्यात!"

*

आता सदूभाऊचं. सदूभाऊ माझा शेजारी, आमच्या दोन घरांत एकच भिंत. तीन वर्षांमागं त्याचा धाकटा भाऊ नामा सांजच्याला उसाच्या कडेला गवत कापायला गेला आणि बिबट्यानं ओढून नेला. बिबट्या आमच्याकडं नवा नाही, कुणाची शेळी जाते, कुणाचं कुत्रं जातं. पण माणूस गेला तो आमच्या वाडीतला पहिलाच.

वर्षभरानं एक पांढरी गाडी आली. त्यात मोठे लेखक. एसटी स्टँडवर पाण्याच्या बाटलीशेजारी ज्यांची पुस्तकं टांगलेली असतात, त्यातले. त्यांना बिबट्यावर पुस्तक लिहायचं होतं. सदूभाऊच्या ओट्यावर दोन दिवस बसले. दिवसाला चार शब्द बोलणारा आमचा सदूभाऊ, दोन दिवस बोलत होता!

गाडी गेल्यावर मला म्हणाला, "भिवा, इतकं मन लावून माझं कुणी ऐकलं न्हाई. दोन दिसांत एकदाबी मोबाईल बघितला न्हाई त्यानं!"

*

पुस्तक यंदा आलं. मुखपृष्ठावर ऊस आणि उसात दोन पिवळे डोळे. म्हणून वाडीत त्याला 'डोळ्यांचं पुस्तक' असंच नाव पडलं. ग्रामपंचायतीनं एक प्रत घेतली आणि शाळेतल्या बाईंनी ती चार लोकांत उघडली. सुरुवातीलाच, ज्यांची ज्यांची मदत झाली त्यांचे आभार मानले होते. त्यात आमच्या वाडीचं नाव. आणि वाडीच्या नावापुढं, सदूभाऊचं!

बाईंनी बोट ठेवून दाखवलं. सदूभाऊनं पुस्तक हातात घेतलं, कपाळाला लावलं. म्हणाला, "रेशनकार्ड, आधारकार्ड आन् आता ह्ये. तिसऱ्यांदा नाव छापलं माझं. पर ह्येच्यात कुणी अंगठा मागितला न्हाई!"

सगळे हसले. तोही हसला. नामा गेल्यापासून तो हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

*

प्रत एक आणि वाचणारे पंचवीस. मग मी भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं नंबर लावले. एकाला तीन दिवस, जास्त नाही.

पहिला नंबर डेअरीच्या बबनचा. दुधाचं माप घ्यायचं, मशिनवर फॅट बघायचं आणि चिठ्ठी फाडायची, हे त्याचं काम. पठ्ठ्या एका हातानं दूध घेतोय आणि दुसऱ्या हातात पुस्तक! रांगेतल्या एका म्हातारीला चिठ्ठी मिळाली. ती नातसुनेला वाचायला दिली तर गाईच्या दुधाला फॅट साडेनऊ!

नातसून म्हणाली, "बबनभाऊ, गाय हाये ओ आमची. म्हैस न्हाई."

बबननं पानातनं मान वर केली नाही. "थांब वैनी, बिबटीण पिल्लांपाशी आलीया."

मागनं कुणीतरी ओरडलं, "मंग बराबर हाय! बिबटीणीचंच फॅट लावलंय त्यानं!"

*

दुसरा नंबर हौसाबाईचा. हौसाबाईचं माहेर घाटघर, पार तिकडं नाणेघाटाच्या तोंडाशी. भातलावणी करता करता सातवीपर्यंत शिकलेली बाई. पुस्तक खुनाच्या तपासाचं, त्यात एक इन्स्पेक्टर आहे, तो तपास करत करत भर श्रावणात घाटघरला जातो आणि समोरच्या डोंगरावर उभा असलेला माणूस ओळखतो.

हौसाबाई तणतणतच आली. "तात्या, ह्यो लेखक श्रावणात आमच्याकडं गेला व्हता का कधी? धुक्यात खाचरातल्या बाईला शेजारची बाई दिसत न्हाई. आमी गाणं म्हणत लावणी करतो, ती एकमेकीचा पत्ता लागावा म्हणून! आन् ह्येला डोंगरावरचा माणूस दिसला, त्याच्या शर्टाची गुंडी तुटल्याली पण दिसली!"

मी हसलो. पुस्तक कपाटात ठेवायला वळलो, तर ती गेली नव्हती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी.

"तात्या, एक सांगू? ह्ये पुस्तक सदूभावजींच्या कानावर जाऊ दिऊ नका."

"का गं?"

"न्हाई बा. तुमीच वाचा," म्हणाली आणि पायरीवरनं उतरून गेली.

*

आमच्या वाडीत एक रिटायर हवालदार आहेत. त्यांनी पुस्तक वाचलं नाही, तपासलं! लाल पेन घेऊन चुका काढल्या. पंचनाम्याला पंच एकच. जबाबावर सही नाही. पुरावा कागदात न बांधता इन्स्पेक्टर खिशात घालून फिरतोय.

"तीनशे पानांत जीप एकदाबी बंद पडली न्हाई, तात्या. वरनं सायबाचा फोन न्हाई, बंदोबस्ताची ड्युटी न्हाई. अशी नोकरी मला कुटं मिळाली असती तर मीबी पाच खून उलगडले असते!"

मग आवाज खाली घेऊन म्हणाले, "शेवट कळला का तुमाला?"

मी म्हणालो, "मी नाही वाचलं अजून."

"थोरला भाऊच खुनी हाये. उसात बिबटीणीनं पिल्लं घातल्यात ह्ये त्याला म्हाईत असतं. वाटणी नको म्हणून धाकट्याला मुद्दाम तिकडं गवताला धाडतो. हत्यार बी नको आन् साक्षीदार बी नको." आणि पेनाला टोपण लावत, "त्या दिशी आपला सदू कुटं व्हता हो?"

मी म्हणालो, "हवालदार, ह्यातलं सगळं काल्पनिक आहे असं सुरुवातीलाच छापलंय म्हणे."

"छापलंय की! आन् त्याच्या समोरच्या पानावर सदूचं नाव छापलंय. आता कंचं पान खरं धरायचं, सांगा!"

मी झाडू घेतला आणि झाडलेलीच खोली पुन्हा झाडली.

*

सदूभाऊची एक खोड आहे. चहा समोर आला की तो पीत नाही. ठेवून देतो. साय धरते, पार गार होतो, मग एका घोटात संपवतो. पूर्वी असं नव्हतं, गेल्या दोन-तीन वर्षांतच सुरू झालं. आम्ही त्याची लई चेष्टा करायचो. "सदूभाऊ, चहा वाळत घालून पितोस काय?"

त्या आठवड्यात आम्ही दोघं औषध आणायला मंचरला गेलो. बाजाराशेजारच्या हॉटेलात शिरलो तर आपल्याच वाडीचे तिघं बाकावर. जोरजोरात भांडण चाललेलं. एक म्हणत होता, मला खुनी चाळिसाव्या पानावरच कळला. दुसरा म्हणत होता, लेखकानं फसवलं, शेवट पटत न्हाई. तिसऱ्याचं म्हणणं, आजवरचं त्यांचं सगळ्यात झकास पुस्तक.

आम्ही दारात दिसलो आणि भांडण मध्येच तुटलं. एक जण म्हणाला, "काय म्हंतोय कांदा?"

सदूभाऊ खुशीत. "आरं, पुस्तकाचं बोला की राव! वाचलं का? माझं नाव हाये त्यात!"

एरवी "सरक रे" म्हणून त्याला चौथा कोंबून बसवायचे. त्या दिवशी तिघंही उठले आणि त्याला अख्खा बाक मोकळा करून दिला.

सदूभाऊ मला म्हणाला, "बघ भिवा, छापून आलं की माणसाला मान मिळतो!"

त्याच्या चहावर साय धरेपर्यंत मी रस्त्यावरच्या गाड्या बघत बसलो.

*

आमच्या वाचनालयात एक पद्धत आहे. पुस्तक परत करताना शेवटच्या कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीनं दोन शब्द लिहायचे. माझीच आवड. मी ते अभिप्राय सावकाश लावून वाचतो, तेवढंच माझं वाचन.

डोळ्यांच्या पुस्तकाचं ते पान महिन्याभरात भरलं. 'एक नंबर.' 'मधे मधे कंटाळा येतो.' 'रात्री एकट्यानं वाचू नये.' 'बिबट्याचं बराबर, पोलिसाचं चूक.' 'पहिलं पुस्तक याच्यापेक्षा भारी होतं.' 'लेखकानं पुढच्या वेळी द्राक्षबागेवर लिहावं.'

आणि एकदम खाली, नाव न घालता, कुणीतरी लिहिलेलं: 'बाकीचं सदूला विचारा.'

मी खोडरबर घेतलं. मला वाचायला वेळ लागतो, खोडायला लागत नाही!

*

पण फळ्यावर सदूभाऊचाही नंबर होता. त्यानंच मला लावायला सांगितलेला, अठरावा. मी तो हळूच खाली सरकवायचो. एकोणीस केला, मग बावीस. एक दिवस तो येऊन फळ्यासमोर उभा राहिला. त्याला अक्षर येत नाही, पण आपलं नाव कुठल्या ओळीत होतं ते त्याच्या ध्यानात होतं.

"भिवा, मी मागं मागं का चाललोय?"

मी पुस्तक काढून हातात दिलं.

"मला दिऊन काय उपेग? तूच वाच. पोथी वाचतो तसं, रोज थोडं थोडं."

आणि खरोखरच त्यानं पोथीसारखंच मांडलं! दुपारी गोठ्यात घोंगडी अंथरलेली, हातपाय धुतलेले, उदबत्ती लावलेली. पाटावर ते पिवळ्या डोळ्यांचं पुस्तक. वाचन थांबलं की खूण म्हणून तुळशीचं पान. खुनाच्या पुस्तकाला उदबत्ती लावलेली मी तरी दुसरीकडं पाहिली नाही. गाईसुद्धा माना वळवून बघत होत्या.

पहिलं पान मी बोट ठेवून वाचलं. त्यात धाकटा भाऊ बैलाशी भांडतोय, जेवताना कांदा बुक्कीनं फोडतोय, लाल चौकड्याचा टॉवेल डोक्याला बांधून शीळ घालत चाललाय. नाव वेगळं, पण माणूस नामाच.

सदूभाऊ म्हणाला, "त्या नावाच्या जागी नामाच वाच."

मी तसं वाचायला लागलो. तो मध्ये मध्ये मान डोलवायचा, "हां! आस्संच! आस्संच बोलायचा त्यो!" बैलाच्या भांडणाला तर डोळ्यांतनं पाणी येईस्तोवर हसला. ते पान माझ्याकडनं तीनदा वाचून घेतलं.

*

पुढं उसाचं प्रकरण आलं. थोरला भाऊ ओट्यावर बसलाय, हातात चहाचा कप. गवताची पाळी त्याची. तो धाकट्याला म्हणतो, तू हो पुढं, मी चहा पिऊन आलोच.

मी थांबलो. सदूभाऊ घोंगडीची दशी ओढत होता.

"ह्ये मीच त्या लेखकाला सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाला न्हाई. घरात न्हाई, तुला बी न्हाई. पाळी माझी व्हती, भिवा. चहा लई गरम व्हता."

त्या दिवशी आम्ही तिथंच तुळशीचं पान घातलं.

*

पुढची प्रकरणं मी उशीर करून करून वाचली. दहा पानांवरनं चारावर आलो, चारावरनं दोनावर. फळ्यावरचे लोक ओरडायला लागले, "तात्या, तीन दिवसांचा नियम तुमीच केला ना?" मी ऐकलं नाही. सदूभाऊला म्हणालो, "डोळं दुखत्यात, ऱ्हाऊ दे आता. आपल्याला काय करायचाय शेवट?"

तो म्हणाला, "पोथी अर्धी ठिवायची नसती. घरात चांगलं ऱ्हात न्हाई."

काल दुपारी मांजराला बाहेर काढलं, वाचनालयाला कुलूप लावलं आणि गोठ्यात गेलो. चारच पानं उरली होती. मनात आलं होतं, दुसरंच काहीतरी वाचावं. खुनी परका होता म्हणावं, शहरातला होता म्हणावं. पण ज्याला छापलेलंच कसंबसं वाचता येतं, त्याला न छापलेलं कसं वाचता येणार? बोट ठेवलं की जे अक्षर खाली असतं, तेच तोंडातनं निघतं.

वाचलं मी. सगळं वाचलं. इन्स्पेक्टर थोरल्याच्या दारात येतो. पिल्लांचं थोरल्याला माहीत होतं, पाळी मुद्दाम बदलली, वाटणीसाठी भाऊ घालवला. थोरला हात पुढं करतो, बेड्या पडतात, ओट्यावर कप तसाच. समाप्त.

एवढं वाचायला मला संध्याकाळ झाली. उदबत्ती कधीच विझलेली. बाहेर आभाळ होतं तसंच, पंपांचे आवाज बंद झालेले.

मी म्हणालो, "सदूभाऊ, ही गोष्ट हाये. गोष्टीत कायबी लिवत्यात. वाडीतलं कोण काय बोललं तर मी हाये."

"मला म्हाईत हाय वाडी काय बोलती," तो म्हणाला. "बाक मोकळा करून देत्यात तवाच कळलं."

त्यानं पुस्तक मिटलं, कपाळाला लावलं. मला वाटलं आता परत देतोय, म्हणून मी हात पुढं केला. तर त्यानं शेवटच्या पानातलं तुळशीचं पान काढलं, पुस्तक उलटं-सुलटं करून नीट धरलं, सुरुवातीचं पान हुडकून त्यात ते ठेवलं आणि पुस्तक पुन्हा माझ्या मांडीवर दिलं.

म्हणाला, "उद्या परत पयल्यापास्नं वाच, भिवा. पयल्या पानावर नामा अजून जित्ता हाये."